सात नंबरच्या दालनातल्या मावशी

त्या संग्रहालयात मावशींना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. झाडलोट करणाऱ्यांपासून संचालकांपर्यंत सगळे मावशीच म्हणत. सुरक्षाप्रमुख साहेब वयाने त्यांच्याहून वर्षभराने मोठे, पण तेही 'मावशी, जरा इकडे या' असंच म्हणायचे. एकोणीस वर्षं त्यांनी सात नंबरच्या दालनात पहारा केला होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

सात नंबरात सगळ्यात जास्त गर्दी, कारण तिथे ते मोठं चित्र होतं. 'पूर ओसरल्यावर' असं त्याचं नाव. एक अख्खी भिंत त्याने व्यापली होती. पुरातून वाचलेली माणसं होड्यांमधून घराकडे परत येतायत: कुणाच्या डोक्यावर गादी, कुणाच्या काखेत कोंबडी, एका म्हाताऱ्याने भिंतीवरचं घड्याळ छातीशी धरलंय, आणि अगदी पुढच्या नावेत, हात लांब केला तर पोचेल अशा उंचीवर, पालथ्या घातलेल्या कपाटावर बसून एक लहान मूल रडतंय. शहरात कुणाकडे पाहुणे आले की त्यांना हे चित्र दाखवायला आणायचंच, असा रिवाज पडून गेला होता. लोक येत, चित्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत आणि मग मावशींना विचारत, "ते घड्याळवाले आजोबा कुठेत हो?" मावशी न वळता सांगत, "उजवीकडून तिसरी नाव. मागच्या टोकाला."

लोकांना त्याचं कौतुक वाटे. न वळण्याचं खरं कारण कुणाला माहीत नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी त्यांनी दालनातल्या घड्याळाकडे बघितलं तर आकडे जागेवर होते, काटे नव्हते. त्यांना वाटलं, दुरुस्तीला काढले असतील. शेजारच्या दालनात लंबू असायचा. सहा फूट दोन इंच उंच, दाराखालून वाकून जायची सवय लागलेला, जिथे गरज नाही तिथेही वाकणारा. त्याला त्या म्हणाल्या, "घड्याळाचे काटे कुणी नेले रे?" लंबू हसत सुटला. "मावशी, आज फॉर्मात आहात." मावशीही हसल्या. मग डोकं जरासं वळवलं तर काटे दिसले. सरळ बघितलं की पुन्हा गेले. मधोमध एक भुरकट डाग होता आणि जिकडे बघावं तिकडे तो आधीच जाऊन बसलेला.

डोळ्यांचे डॉक्टर सरळ बोलणारे होते. "यात मधली नजर जाते, कडेची राहते. ठार आंधळ्या होणार नाही तुम्ही. पण वाचणं, चेहरे ओळखणं, हे अवघड होत जाईल."

"थांबेल का?"

"सावकाश करता येईल. थांबवता येईल असं म्हणत नाही मी."

"नोकरीच्या ठिकाणी कळवावं लागतं का?"

"काय काम करता?"

"चित्रांवर नजर ठेवते."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. ते काही बोलणार तेवढ्यात मावशींनी कागद पर्समध्ये कोंबला आणि उठल्या.

घरी नवऱ्याला सांगितलं, डोळे कोरडे पडलेत, थेंब दिलेत. नवरा एका सरकारी कचेरीत लिफ्टमन होता. 'जन्मभर वर गेलो आणि खाली आलो, पोचलो कुठेच नाही,' हा त्याचा ठरलेला विनोद. आता गुडघे गेल्यामुळे तो दिवसभर खिडकीशी बसून असे. त्याच्यामागे आणखी एक घोर लावायचा नाही, असं मावशींनी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. खरं असं होतं की सात नंबरातल्या त्या जागेखेरीज त्यांना त्यांची म्हणावी अशी दुसरी जागा नव्हती. घरातल्या दोन खोल्यांत चारी बाजूंनी शेजाऱ्यांचे आवाज येत. सात नंबरात सकाळी दार उघडल्यापासून पहिलं माणूस येईपर्यंत वीस मिनिटं मिळत, आणि त्या वीस मिनिटांत ती भिंत त्यांच्या एकटीची असे.

मग त्यांनी युक्त्या शोधल्या. माणसं चालीवरून ओळखायची. साहेबांचा डावा बूट जरा घासत येतो. लंबूचं डोकं दाराच्या चौकटीत आधी येतं. चित्र तर पाठच होतं. माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघायचं, म्हणजे तोंड थोडं तरी दिसतं. त्यामुळे काही लोकांना त्या शिष्ट वाटू लागल्या आणि एका गृहस्थांनी तर दोनदा आपल्या कानाला हात लावून पाहिला. आणखी एक युक्ती म्हणजे मान हलवणं. समोरचं माणूस आपल्याकडे बघून थांबलंय असं वाटलं, की काय हवंय ते कळलं नाही तरी हलकेच मान डोलवायची. माणूस समाधानाने पुढे जातो. मावशींना पहिल्या आठवड्यातच कळलं, की निम्म्याहून अधिक लोकांना मानेपलीकडे काही नकोच असतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असे. त्या दिवशी जिन्यापासून रांग लागे. कडेवर पोरं, खांद्यावर पोरं, हातात पाण्याच्या बाटल्या, सगळीकडे गलका. मावशींना त्या रविवारी डोळ्यांपुढे नुसते रंग सरकताना दिसत होते. त्या आपल्या ठरलेल्या जागी, चित्रापासून चार पावलांवर उभ्या राहिल्या, 'जरा मागे, जरा मागे' म्हणत राहिल्या आणि मान हलवत राहिल्या. संध्याकाळी दालन रिकामं झालं तेव्हा त्यांनी नेहमीसारखी एक फेरी मारली आणि कुलूप लावलं.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. त्या दिवशी कापूसवाल्या बाई चित्रं तपासत. त्या चित्रांच्या साफसफाईच्या आणि डागडुजीच्या प्रमुख. काडीला कापूस गुंडाळून एकेक बोट जागा पुसत बसायच्या, म्हणून हे नाव. त्या रडणाऱ्या मुलाच्या मुठीतून त्यांना एक निळी रेघ वर गेलेली दिसली. वीतभर लांब. रेघेच्या टोकाला अर्धं वर्तुळ. बॉलपेनचं.

मंगळवारी सकाळी साहेबांनी मावशींना खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पडद्यावर लावलं.

"बघा," ते म्हणाले.

मावशींनी पडद्याकडे बघितलं. पडद्याच्या कडा दिसल्या. मध्ये डाग. त्यांनी नकळत मान वळवली.

"तोंड फिरवू नका, मावशी. नीट बघा. हा माणूस पोरीला खांद्यावर घेऊन उभा आहे. पोरीच्या हातात पेन. आणि या तुम्ही. चार पावलांवर. तुमचं तोंड सरळ तिच्याकडे आहे. पोरगी अर्धा मिनिट रेघ ओढतेय आणि तुम्ही बघताय. मग तो माणूस बाजूला होतो आणि तुम्ही पुढच्या लोकांना म्हणताय, मागे व्हा. मला सांगा, मी याचा काय अर्थ लावू?"

मावशींना जे कळलं ते साहेबांना कळलेल्यापेक्षा वाईट होतं. एकोणीस वर्षं जी एक गोष्ट अडवायला त्या तिथे उभ्या राहिल्या, ती अर्धा मिनिट त्यांच्यासमोर चालली होती आणि त्यांना तिची गंधवार्ता नव्हती.

"लक्ष नव्हतं," त्या म्हणाल्या.

"तुमचं?"

"गर्दी होती, साहेब. दमले होते. चूक झाली."

साहेबांनी पडदा बंद केला. मग त्यांनी कागद पुढे केला. "तसं लिहून द्या. ताकीद मिळेल, बाकी मी सांभाळून घेतो. एकोणीस वर्षांत एक डाग नाही तुमच्या नावावर."

मावशींनी लिहून दिलं. सही ओळीखाली घसरली. साहेबांना वाटलं, हात थरथरतोय.

त्या बाहेर आल्या तेव्हा नोकरी शाबूत होती, दालन शाबूत होतं. जिन्यावर लंबूने गाठलं. "काय झालं?" "ताकीद," मावशी म्हणाल्या. "बस?" "बस." "मग सुटलात," लंबू म्हणाला. मावशींना सुटल्यासारखं वाटलं नाही.

बुधवारी ती अर्धवट रेघ वर्तमानपत्रात छापून आली आणि गर्दी दुप्पट झाली. लोक आता घड्याळवाल्या आजोबांबद्दल विचारेनात; 'ते पेनाचं कुठंय?' म्हणून विचारू लागले. तिथे एक करडं कापड टाकलेलं होतं. संचालकांनी नवा नियम काढला: दहा वर्षांखालच्या मुलांना सात नंबरात प्रवेश नाही. तो सांगायचं काम अर्थात मावशींकडे आलं. दाराशी उभं राहून त्या एकेका आईला सांगत होत्या, "पोराला बाहेर ठेवा." "बाहेर कुठे ठेवू?" एका बाईने विचारलं. "पोर म्हणजे छत्री आहे का?" मावशींनी मान हलवली.

गुरुवारी दुपारी तो माणूस आपण होऊन आला. कुरिअरची पाकिटं घरोघर पोचवण्याचं काम करणारा, छातीवर कंपनीचं नाव असलेला शर्ट, खिशाला पेन. बरोबर पोरगी, पाच-साडेपाच वर्षांची. वर्तमानपत्रातला फोटो बघून पोरगीच म्हणाली होती, हे मी काढलंय. साहेबांनी कापूसवाल्या बाईंना बोलावलं, कारण शाई कोणती हे त्यांना कळायला हवं होतं. आणि मावशींनाही बोलावलं.

"हेच पेन," माणसाने खिशातलं काढून टेबलावर ठेवलं. "सह्या घ्यायला लागतं, म्हणून सतत खिशाला असतं. तिने कधी काढून घेतलं, मला पत्ता नाही. खांद्यावर होती, मी वर बघितलंच नाही. जी काय भरपाई असेल ती सांगा. पोलिसांत देऊ नका. नोकरी जाईल."

"ते वरचे ठरवतील," साहेब म्हणाले. मग पोरीकडे वाकले. त्यांचा आवाज वाईट नव्हता. "चित्रावर का काढलंस, बाळा? चित्रावर काढायचं नसतं, माहीत आहे ना?"

"तो रडत होता," पोरगी म्हणाली. "मी त्याला फुगा देत होते."

"पण विचारायला नको?"

"मी विचारलं."

"कुणाला?"

"या मावशींना. पेन दाखवलं आणि विचारलं, काढू का. त्या हो म्हणाल्या."

बापाने तिचा दंड धरला. "खोटं बोलू नकोस. वर खोटं बोलतेस?"

"म्हणाल्या. अशी मान हलवली." तिने करून दाखवली.

"अहो, राहू द्या," साहेब म्हणाले. "लहान आहे. घाबरली की पोरं काहीही सांगतात. मावशी एकोणीस वर्षं इथे आहेत, त्या कशाला हो म्हणतील?"

"माफी माग," बाप म्हणाला. त्याने तिला मावशींच्या पुढे उभं केलं. "मावशींची माफी माग. म्हण, मी खोटं बोलले."

मावशींना तिचा चेहरा दिसत नव्हता. चेहऱ्याच्या जागी डाग होता, आणि डागाच्या कडेला दोन बारके हात, एकमेकांत अडकवलेले. बापाने पुन्हा दंड हलवला. तिने नाक ओढलं आणि बारीक आवाजात सुरुवात केली, "मी खो..."

"ती खरं बोलतेय, साहेब," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी मान वर केली.

"मान हलवली असेल मी. सगळ्यांनाच हलवते. मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"समोरचं. आठ महिने झाले. सरळ बघितलं की मधलं काही दिसत नाही. पेन दिसलं नाही, रेघ दिसली नाही. परवा तुम्ही पडद्यावर दाखवलंत तेही दिसलं नाही."

साहेबांनी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. सावकाश पुढे नेलं, मागे आणलं. कापूसवाल्या बाई त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "इथे. हलली मान."

"आठ महिने," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला असावा. आवाज तरी तसा होता. "आठ महिने तुम्ही ती भिंत माझ्या नावावर सांभाळत होतात, आणि मी वर सांगतोय, सात नंबरची काळजी नको, तिथे मावशी आहेत. परवा विचारलं तेव्हा तरी सांगायचं. मी तुमच्यासाठी शब्द टाकला."

"हो," मावशी म्हणाल्या.

बापाने पोरीचा दंड सोडला होता. त्याला आपलं काय करावं कळत नव्हतं, म्हणून तो पेन उचलून पुन्हा टेबलावर ठेवत होता. पोरगी मात्र मावशींजवळ आली.

"मी दिसत नाही तुम्हाला?"

"कडेने दिसतेस. पिवळा फ्रॉक घातलायस ना?"

"हिरवा," पोरगी म्हणाली.

मावशींना हे माहीत नव्हतं. रंगही जायला लागलेत, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

घरी सांगणं त्याहून अवघड गेलं. नवरा खिडकीशी बसला होता. मावशी पाणी प्यायल्या, पर्स खुंटीला लावली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

"थेंब?" त्याने विचारलं.

"थेंब खोटे होते. नुसतं पाणी होतं बाटलीत."

"रोज सकाळी मी तुझ्या डोळ्यांत पाणी घालत होतो?"

तेवढ्यासाठी तो दुखऱ्या गुडघ्यांनिशी रोज उठायचा, हे मावशींना त्याच्या तोंडून ऐकल्यावर नीट कळलं.

"आता मी दिसतो का?"

"कान दिसतात."

एरवी तो हसला असता. त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि पुढचे आठ दिवस कामापुरतंच बोलला. नवव्या दिवशी त्याने वर्तमानपत्र उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बातम्या, हवामान, भाड्याने खोली देण्याच्या जाहिराती, सगळं. 'आता पुरे' म्हटलं तरी थांबला नाही. रागावलेलाच होता, पण वाचत होता.

संग्रहालयात पुढे जे व्हायचं ते झालं. मुलाबाळांवरची बंदी उठली. कुरिअरवाल्याला समज देऊन सोडलं. कापूसवाल्या बाईंनी तीन आठवडे खपून शाई काढली, पण पोरीने पेन दाबून ओढल्यामुळे रंगात बारीक चर पडला होता. तो उजेड तिरपा पडला की दिसतोच. मावशींची डोळ्यांची तपासणी झाली, पहाऱ्याला अपात्र असा शेरा आला आणि त्यांना तळमजल्यावर सामान ठेवायच्या खिडकीत बसवलं. पत्र्याचे बिल्ले, त्यावर उठावाचे आकडे. बोट फिरवलं की कळत. पहिल्या आठवड्यात दोन माणसांच्या काळ्या पिशव्या अदलाबदल झाल्या आणि बरीच बोलणी खावी लागली. नंतर जमलं.

पण संचालकांनी आणखी एक हुकूम काढला होता. यापुढे दालनातल्या प्रत्येक पहारेकऱ्याची दर सहा महिन्यांनी डोळे तपासणी. पहिल्याच फेरीत लंबू अडकला. त्याला साखरेचा आजार होता, तो त्याने कुणाला कळू दिला नव्हता, आणि एका डोळ्याच्या आत रक्त साकळत होतं. त्याला दालनातून काढून फाटकावर उभं केलं. बेचाळिसाव्या वर्षी, उन्हात, गाड्यांना आत-बाहेर करायला.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर सापडलं, डोळा वाचेल. हे मावशींना साहेबांकडून कळलं. लंबूने सांगितलं नाही, कारण तो त्यांच्याशी बोलतच नव्हता. पूर्वी डबा आणि पिशवी मावशींजवळ ठेवून जाणारा माणूस आता खिडकीसमोरून सरळ जात होता. त्याची पावलं त्या ओळखत. पावलं खिडकीपाशी आली की जरा लवकर पडत.

एकदा तो दुसऱ्या कुणाला म्हणताना त्यांनी ऐकलं, "स्वतःचं झाकता आलं नाही, आणि बुडवलं आम्हाला." मावशींनी त्यावर पुष्कळ विचार केला. डोळा वाचला हे खरं होतं. तो तिथे उन्हात उभा आहे, हेही खरं होतं. एक खरं दुसऱ्याला पुसून टाकत नव्हतं.

खिडकीतल्या चौथ्या महिन्यात एका दुपारी त्या उठल्या. खिडकी दहा मिनिटांसाठी बंद केली, उपाहारगृहातून दोन कप चहा घेतला आणि भिंतीला खांदा लावत फाटकापर्यंत गेल्या. बाहेरच्या उजेडात त्यांना काहीच धड दिसेना. उंच सावली दिसली, तिथे त्यांनी कप पुढे केला. बराच वेळ हात तसाच राहिला. त्यांना वाटलं, आपण खांबालाच चहा देतोय की काय.

मग कप हातातून गेला.

दोघांनी उभ्यानेच चहा प्यायला. एक गाडी आली. लंबूने ती आत घेतली आणि परत जागेवर आला.

"डोळ्याची तपासणी कधी आहे पुढची?" मावशींनी विचारलं.

"सोमवारी."

"कोण जातं बरोबर?"

"कुणी नाही."

मावशींनी मान हलवली. मग लक्षात येऊन तोंडाने म्हणाल्या, "मी येते."

लंबूने रिकामा कप त्यांच्या हातात दिला, बोटं नीट मिटेपर्यंत धरून ठेवला आणि म्हणाला, "साखर घालून आणलीत, मावशी. मला चालत नाही आता."

पण प्यायला होता सगळा. मावशी दोन्ही कप घेऊन आत गेल्या. खिडकीसमोर रांग लागली होती.